‘ईपीसी ४२’ म्हणजे काय? अॅफिलिएट मार्केटिंगची भाषा शिकताना गेलेले २२८ दिवस

११ जानेवारी २०२४ला मला एक मेल आला. पाठवणारी व्यक्ती दुर्बिणी विकणाऱ्या एका दुकानाची ‘अॅफिलिएट मॅनेजर’ होती, म्हणजे ब्लॉगवाल्यांनी दुकानाची लिंक लावायची आणि तिच्यावरून विक्री झाली की कमिशन घ्यायचं, हा कारभार बघणारी. मी आकाशनिरीक्षणावर ब्लॉग लिहिते आणि त्यातला १० बाय ५० दुर्बिणीवरचा लेख त्यांच्या वाचनात आला होता. मेल अगदी आटोपशीर. आमचा प्रोग्राम सीपीएस आहे, ६ टक्के. कुकी ३० दिवसांची, लास्ट क्लिक. ईपीसी ४२. लॉक झाल्यावर नेट-३०. ब्रँड बिडिंगला परवानगी नाही. जॉइन व्हाल का?

त्यातलं ‘६ टक्के’ आणि ‘जॉइन व्हाल का’ एवढंच मला कळलं. मधलं सगळं डोक्यावरून गेलं. तरी ‘विचार करून कळवते’ असं उत्तर पाठवलं, कारण कळलं नाही म्हणायची लाज वाटली. ती लाज मला पुढे चांगलीच महाग पडली. म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून ठेवतेय. आकडे खरे आहेत, चलन तेवढं मुद्दाम लिहिलेलं नाही. कुठलंही धरा, हिशोब तोच राहतो.

त्या रात्री इंटरनेटवर शब्दांच्या याद्या शोधल्या. शंभरेक शब्दांची एक यादी दोनदा वाचली आणि सकाळी उठल्यावर त्यातलं काहीही आठवेना. वहीत सत्तावीस शब्द उतरवून काढले, तरी तेच. ताऱ्यांची ‘प्रत’, म्हणजे तारा किती तेजस्वी दिसतो त्याचं माप, ही भानगडही मला व्याख्या वाचून कधीच कळली नव्हती. दोन तारे शेजारी शेजारी बघितले, तेव्हा कुठे ती डोळ्यांत बसली. इथेही तसंच झालं. एकेक शब्द माझ्या स्वतःच्या रिपोर्टात हलला, तेव्हाच कळला, आणि बहुतेक वेळा तो उणे दिशेनेच हलला.

आधी नाती समजून घ्यावी लागली. माल विकणारा तो मर्चंट, काही नेटवर्कवर त्यालाच अॅडव्हर्टायझर म्हणतात. लिंक लावणारी मी अॅफिलिएट, पण फॉर्मवर माझं नाव ‘पब्लिशर’. मी कधी पुस्तक छापलं नाही, तर पब्लिशर कशी, असं वाटून मी पहिल्यांदा चुकीच्या बाजूच्या फॉर्मवर जाऊन बसले होते. हा धंदा जाहिरातीच्या दुनियेतून आला, तिथे जागा देणारा तो पब्लिशर, म्हणून ते नाव चिकटलं. दोघांच्या मध्ये क्लिक मोजणारा, हिशोब ठेवणारा आणि पैसे पोचवणारा तो नेटवर्क. सगळेच मधला माणूस ठेवत नाहीत. अॅमेझॉनने जुलै १९९६मध्ये सुरू केलेला असोसिएट्स प्रोग्राम ते स्वतःच चालवतात. त्याच्याही आधी, १९९४मध्ये, सीडीनाऊ नावाच्या संगीत विकणाऱ्या साइटने असाच प्रयोग केला होता. म्हणजे ही भाषा ब्लॉग या शब्दापेक्षाही जुनी आहे. मीच उशिरा पोचले.

या दुकानाचा कारभार एका अमेरिकन नेटवर्कवर होता, तेव्हा आधी नेटवर्कचं सदस्यत्व घेणं आलं. १५ जानेवारीला अर्ज केला. त्यात एक रकाना होता ‘प्रमोशनल मेथड’, म्हणजे तुम्ही लिंक कुठे लावणार: ब्लॉग, मेलची यादी, कूपन साइट, पैसे भरून केलेली जाहिरात, वगैरे. जास्त पर्याय निवडले तर जास्त चांगलं, असं समजून मी चार निवडले. नऊ दिवसांनी, २४ जानेवारीला नकार आला. कारण एका ओळीत: साइट अपूर्ण, प्रचाराची पद्धत अस्पष्ट. साइटवर संपर्काचं पान नव्हतं, गोपनीयता धोरण नव्हतं आणि मी ‘मेलची यादी’ निवडली होती, जी माझ्याकडे नव्हतीच. दोन्ही पानं लिहिली, पर्याय एकच ठेवला, ३ फेब्रुवारीला पुन्हा अर्ज केला. १२ तारखेला मंजुरी.

तुम्ही अर्ज करणार असाल तर जे खरंच करता तेवढंच लिहा. तो रकाना गुण मिळवायला नसतो. पुढे काही वाद झाला तर ‘तुम्ही असं सांगितलं होतं’ म्हणून तोच पुढे केला जातो.

मंजुरी मिळाली म्हणजे झालं असं वाटलं होतं, पण ती फक्त नेटवर्कची. प्रत्येक दुकानाचा प्रोग्राम वेगळा आणि त्याची मंजुरीही वेगळी. मी पाच ठिकाणी अर्ज केले. दोघांनी आपोआप घेतलं, मेलवाल्या दुकानाला सोळा दिवस लागले, एकाने नकार दिला आणि पाचव्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही.

मधल्या काळात कराचा फॉर्म. नेटवर्क अमेरिकन आणि मी अमेरिकेबाहेरची, म्हणून डब्ल्यू-८बेन. व्यक्तीसाठी हा, कंपनीसाठी डब्ल्यू-८बेन-ई, हे आधी लक्षात ठेवा, कारण नाव सारखं असल्याने चुकीचा उघडला जातो आणि तो दुसरा कितीतरी लांबलचक आहे. तुम्ही अमेरिकन नाही एवढं हा फॉर्म त्यांना सांगतो. सही केलेलं वर्ष आणि पुढची तीन कॅलेंडर वर्षं तो चालतो, तेव्हा माझा ३१ डिसेंबर २०२७पर्यंत. मी त्यात घराघरात वापरतात ते सुटसुटीत नाव लिहिलं, बँकेत मात्र माझं तिन्ही शब्दांचं पूर्ण नाव आहे. अकरा दिवस खातं ‘पडताळणी सुरू’वर अडकलं. फॉर्म, नेटवर्कचं खातं आणि बँक या तिन्हीकडे अक्षरन् अक्षर सारखं ठेवा, माझं अडकलं ते फक्त वडिलांच्या नावावर.

४ मार्चला दुर्बिणीच्या लेखात पहिली लिंक लावली. आता इथून खरी मजा.

रोज सकाळी रिपोर्ट उघडायचा. क्लिक शून्य. एक आठवडा शून्य, दुसरा आठवडा शून्य. ब्लॉगच्या आकडेवारीत मात्र लेख रोज तीस-चाळीस लोक वाचत होते आणि त्यातले काही दुकानाकडे जातही होते. तिसऱ्या आठवड्यात नेटवर्कच्या मदतकक्षाला जरा रागानेच लिहिलं. उत्तर आलं, ‘तुमची लिंक पाठवा.’ पाठवली. दुसऱ्या दिवशी उत्तर: ‘यात तुमचा ट्रॅकिंग आयडी नाही.’

तो मीच काढला होता. नेटवर्कने दिलेली लिंक लांबलचक, मध्ये प्रश्नचिन्ह, त्यापुढे आकडे आणि अक्षरांची माळ. मला ते कचऱ्यासारखं वाटलं. लिंक नीटनेटकी दिसावी म्हणून प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं मी छाटून टाकलं होतं. दुर्बीण दिसत होती, पान उघडत होतं, सगळं छान होतं. फक्त तिथे पोचलेल्या माणसाला कोणी पाठवलं, हे सांगणारा भाग मी स्वतःच्या हाताने पुसला होता. ट्रॅकिंग आयडी हा शब्द मला त्या दिवशी, २५ मार्चला, कळला. एकवीस दिवसांची वाचकवर्दळ फुकट गेली. दुकानाची नव्हे, माझी.

त्याच पत्रव्यवहारात आणखी दोन शब्द पदरात पडले. डीप लिंक म्हणजे दुकानाच्या पहिल्या पानावर न जाता थेट त्या वस्तूच्या पानावर नेणारी लिंक. आणि सब-आयडी म्हणजे लिंकला आपण स्वतः जोडलेली खूण. मी लेखाच्या सुरुवातीच्या लिंकला ‘वर’ आणि शेवटच्या तक्त्यातल्या लिंकला ‘तक्ता’ अशी रोमन अक्षरांतली खूण दिली. महिनाभरात दिसलं की लोक वरची लिंक फारशी दाबतच नाहीत. कृत्तिकांचा पुंजका या दुर्बिणीतून कसा दिसतो ते वाचून झाल्यावर, तक्त्यातूनच जातात. सब-आयडी नसता तर हे कळायला मार्ग नव्हता. नवख्या माणसाने पहिल्या दिवसापासून वापरावी अशी एकच गोष्ट विचाराल तर मी हीच सांगेन.

२७ मार्चला पहिला क्लिक पडला. वेड्यासारखा आनंद झाला. मग आठवलं, तो बहुधा माझाच होता, लिंक चालते का बघायला दाबलेला.

आता कुकी. यादीत व्याख्या होती: ‘ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये साठवलेली लहानशी नोंद.’ बरं मग? मला ती ताईने समजावली, तिच्या नकळत.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ताईला भाच्यासाठी दुर्बीण घ्यायची होती. रात्री फोनवर माझा लेख उघडला, लिंक दाबली, दुर्बीण पसंत केली आणि झोपली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या लॅपटॉपवर थेट दुकानाची साइट उघडून ऑर्डर दिली. संध्याकाळी फोन.

‘काय गं, झाली का कमाई? तुझ्याच लिंकवरून घेतली हं मी!’

‘ताई, माझ्याकडे काहीच दिसत नाहीये.’

‘असं कसं? मी दाबली ना रात्री!’

दाबली होती, खरं आहे. पण खूण पडली फोनच्या ब्राउझरमध्ये आणि ऑर्डर गेली लॅपटॉपवरून. लॅपटॉपला माझा पत्ताच नाही. कुकीची मुदत ३० दिवस म्हणजे ‘त्याच ब्राउझरमध्ये, खूण पुसली गेली नाही तर, ३० दिवसांत खरेदी झाली तर’. मेलमधल्या ‘कुकी ३० दिवसांची’ या तीन शब्दांत इतक्या अटी दडलेल्या होत्या. काही प्रोग्राम, ग्राहकाने दोन्हीकडे लॉग-इन केलं असेल तर, दोन उपकरणं जोडून घेतात. हे दुकान घेत नव्हतं.

पुढे अटी नीट वाचल्या तेव्हा आणखी एक कळलं. स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी करायची नाही हे बहुतेक ठिकाणी असतंच, पण काही प्रोग्राममध्ये घरच्यांची खरेदीही धरत नाहीत. म्हणजे ताईची ऑर्डर दिसली असती तरी कदाचित रद्दच झाली असती. हे मी ताईला अजून सांगितलेलं नाही.

मुदत प्रत्येकाची वेगळी. अॅमेझॉनची खिडकी २४ तासांची, पण त्या वेळात वस्तू साइटवरच्या ‘कार्ट’मध्ये टाकली तर ती ऑर्डर पुढे साधारण ९० दिवसांपर्यंत धरली जाते. मोठी मुदत म्हणजे मोठी कमाई असं मात्र नाही. साध्या दुर्बिणीचा निर्णय लोक दिवसभरात घेतात. दुर्बिणीच्या मोठ्या भावाला, म्हणजे टेलिस्कोपला, महिनाभर विचार करतात. तिथे २४ तास आणि ३० दिवस यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

शिवाय ब्राउझरच आता कुकीवर रुसलेत. १९९४मध्ये नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी कुकी आणली ती साइटला एखादी गोष्ट लक्षात राहावी म्हणून. तिच्यावर एवढा मोठा बाजार उभा राहिला. मग अॅपलच्या सफारीने २०१७पासून अशा खुणांवर बंधनं आणायला सुरुवात केली आणि २०२०मध्ये तिसऱ्या पक्षाच्या, म्हणजे उघडलेल्या साइटच्या नसून दुसऱ्याच कोणाच्या, कुकी पूर्णच अडवल्या. गूगलही क्रोममध्ये तेच करणार होतं, पण जुलै २०२४मध्ये त्यांनी बेत बदलला. म्हणून हल्ली नेटवर्क ‘सर्व्हर-टू-सर्व्हर’ किंवा ‘पोस्टबॅक’ ट्रॅकिंग वापरतात. क्लिकला एक क्रमांक मिळतो, दुकान तो आपल्याकडे जपून ठेवतं आणि ऑर्डर झाली की दुकानाचा सर्व्हर परस्पर नेटवर्कला कळवतो. प्रोग्राम निवडताना हे विचारावं. मॅनेजरला यात वाईट वाटत नाही, उलट तुम्ही जरा जाणकार आहात असं वाटतं.

१९ एप्रिलला पहिली ऑर्डर. लेख दुर्बिणीचा, आणि त्या सज्जनाने घेतलं काय, तर काच पुसायचं कापड. १२ची खरेदी, ६ टक्क्यांनी कमिशन ०.७२. पण त्यातून हे कळलं की इथे कमिशन लिंकमधल्या वस्तूवर नसून त्या भेटीतल्या एकूण खरेदीवर आहे. सगळीकडे तसं नसतं, अटींत बघून घ्यावं.

एप्रिलमध्ये एक ऑर्डर हुकली ती मात्र जिव्हारी लागली. एका वाचकाने मला प्रश्न विचारून विचारून, आठ मेलांची देवाणघेवाण करून, शेवटी दुर्बीण घेतली. ‘तुमच्याच लिंकवरून, त्याच ब्राउझरवरून, त्याच दिवशी,’ असं आवर्जून कळवलं. रिपोर्टात काही नाही. विचारल्यावर उलगडा झाला. पैसे भरायच्या पानावर ‘कूपन कोड’ असा रिकामा चौकोन दिसला, त्याने नवी खिडकी उघडून कूपन शोधलं, एका कूपन साइटवर ‘कोड दाखवा’ दाबलं आणि परत येऊन पैसे भरले. ते दाबणं हाच त्या साइटचा अॅफिलिएट क्लिक होता. लास्ट क्लिक म्हणजे हे: खरेदीच्या आधी ज्याची लिंक शेवटची दाबली गेली, सगळं श्रेय त्याचं. आठ मेल माझे, कमिशन त्यांचं. आणि तो कोड चाललाही नव्हता.

याला अॅट्रिब्युशन म्हणतात, म्हणजे श्रेयाची वाटणी. पहिल्या क्लिकला श्रेय देणारी किंवा ते विभागून देणारी पद्धतही असते, पण रूढ आहे ती शेवटच्याचीच. माझं मत विचाराल तर ती लिहिणाऱ्यावर अन्याय करते. काही दुकानं कूपन साइटना कमी टक्के देतात किंवा श्रेयातून वगळतात. आता कुठल्याही प्रोग्रामला अर्ज करताना मी आधी त्यांच्या पैसे भरायच्या पानापर्यंत जाऊन तो रिकामा चौकोन किती ठळक आहे ते बघते. हे कुठल्या यादीत वाचलं नव्हतं.

साधारण इथे वहीतल्या सत्तावीस शब्दांचा गुंता सुटायला लागला. शब्द अनेक असले तरी ते तीनच प्रश्नांभोवती फिरतात: श्रेय कोणाचं, किती, आणि हातात कधी. ट्रॅकिंग आयडी, कुकी, लास्ट क्लिक हे पहिल्याचे. मी वहीची तीन पानं केली आणि शब्द वाटून टाकले. मे महिना दुसऱ्या पानाचा होता.

‘किती’चे काही शब्द सोपे निघाले. सीपीएस म्हणजे विक्रीमागे, सीपीएल म्हणजे कोणी नुसता फॉर्म भरला तरी, सीपीसी म्हणजे क्लिकमागे, आणि सीपीए हे ठरलेली कृती झाली की पैसे या सगळ्याचं ढोबळ नाव. रिकरिंग म्हणजे ग्राहक दरमहा वर्गणी भरतोय तोवर तुम्हालाही दरमहा. टू-टिअर म्हणजे तुम्ही आणलेल्या अॅफिलिएटच्या विक्रीतही तुमचा वाटा. जिथे माल विकण्यापेक्षा माणसं आणण्याचीच चर्चा जास्त दिसली, तिथून मी मागे फिरले.

घात केला ईपीसीने. ‘अर्निंग पर क्लिक’, एका क्लिकमागची कमाई. मेलमध्ये ४२ लिहिलं होतं. मेअखेर माझे क्लिक झाले २४०. मी कॅल्क्युलेटर काढला: २४० गुणिले ४२ बरोबर १०,०८०. त्या संध्याकाळी मी नव्या टेलिस्कोपच्या किमतीही बघून ठेवल्या, ते कबूल करते.

रिपोर्टात प्रत्यक्ष होते ५२.८०.

नेटवर्कने फसवलं अशी खात्री होऊन मी मदतकक्षाला पुन्हा लिहिणार होते. मार्चमधली छाटाछाट आठवली, म्हणून आधी त्यांचं मदतीचं पान वाचलं. नाव ‘क्लिकमागे’ असलं तरी या नेटवर्कवर ईपीसी शंभर क्लिकमागे मांडतात. मोठ्या नेटवर्कपैकी सीजेवरही (जुनं नाव कमिशन जंक्शन) अशीच रीत आहे. म्हणजे ४२ ही शंभर क्लिकची कमाई, एका क्लिकची ०.४२. तरी २४० क्लिकचे १००.८० व्हायला हवे होते. माझे ५२.८०, म्हणजे शंभराला २२. उरलेला फरक कशाचा? ४२ हा त्या दुकानाच्या सगळ्या अॅफिलिएटची सरासरी होती आणि त्यात कूपनवालेही आले, ज्यांच्याकडे माणूस पाकीट उघडूनच येतो.

माझा हिशोब असा होता: २४० क्लिक, ६ ऑर्डर, म्हणून कन्व्हर्जन रेट २.५ टक्के. सहा ऑर्डरची मिळून खरेदी ८८०, म्हणजे सरासरी ऑर्डर, ज्याला एओव्ही म्हणतात, साधारण १४७. त्याचे ६ टक्के, गुणिले सहा. एकदा हे कागदावर मांडलं की नुसत्या टक्क्यांची भूल उतरते. दुसऱ्या एका दुकानाचं कमिशन १२ टक्के होतं, अगदी दुप्पट. तिथे मी ११० क्लिक पाठवले आणि एकही ऑर्डर आली नाही. पान उघडायलाच एवढा वेळ लागायचा की लोक कंटाळून परत जात असावेत. दर कितीही गोड असला तरी शून्याला १२ टक्क्यांनी गुणून शून्यच येतं.

जून महिन्यात एक मोठा मासा लागला. ८ तारखेला ११५० किमतीचा टेलिस्कोप, कमिशन ६९. पडद्यावरचा आकडा ५२.८०वरून एकदम १२१.८०. शेजारी लहान अक्षरांत लिहिलं होतं ‘पेंडिंग’. मी ते वाचलं आणि सोडून दिलं.

२ जुलैला आकडा पुन्हा ५२.८०. टेलिस्कोपच्या ओळीसमोर ‘रिव्हर्स्ड’. ग्राहकाने वस्तू परत केली होती. मला त्याचा राग आला नाही. मोठा टेलिस्कोप घेऊन पहिल्या रात्री शनी फोटोतल्यासारखा दिसेल असं समजणारे पुष्कळ असतात आणि तसं दिसत नाही हे माझ्या लेखात मी पुरेसं ठासून लिहिलं नव्हतं. नंतर लिहिलं. त्यानंतर टेलिस्कोपच्या ऑर्डर कमी आल्या, पण परतही कमी गेल्या.

तिसऱ्या पानावरचे शब्द मला या ६९ने शिकवले. पेंडिंग म्हणजे ऑर्डर दिसली, पण ती तुमची झालेली नाही. परताव्याची मुदत उलटली की ती ‘लॉक’ होते, मग दुकान बदलू शकत नाही. रिव्हर्सल म्हणजे त्याआधीच उडालेली. कुठे कुठे दिलेले पैसेही नंतर परत वळते करतात, त्याला क्लॉबॅक म्हणतात. आणि नेट-३० म्हणजे लॉक झाल्यावर तीस दिवसांच्या आत दुकानाने नेटवर्कला पैसे द्यायचे. मेलमधली ‘लॉक झाल्यावर नेट-३०’ ही ओळ मला जानेवारीत ‘तीस दिवसांत पैसे’ अशी दिसली होती.

प्रत्यक्षात काय झालं बघा. एप्रिलच्या चार ऑर्डरचं कमिशन ३८.४०. ते लॉक झालं १० जूनला. दुकानाने १० जुलैपर्यंत पैसे भरले. नेटवर्क दर २० तारखेला पाठवतं, पण किमान ५० जमले असतील तरच, ही ‘पेमेंट थ्रेशोल्ड’. माझे ३८.४०च, म्हणून जुलै कोरडा गेला. मेच्या दोन ऑर्डरचे १४.४० ऑगस्टमध्ये मिळाले, बेरीज ५२.८०, उंबरठा ओलांडला. २० ऑगस्टला निघाले, २६ ऑगस्टला बँकेत पोचले, तेही बँकेने चलन बदलण्याचं शुल्क कापून. पहिल्या ऑर्डरपासून १२९ दिवस, पहिल्या मेलपासून २२८. होस्टिंग आणि डोमेनच्या वर्षाच्या खर्चाचा जेमतेम तिसरा हिस्सा निघाला. थ्रेशोल्ड कमी असलेला नेटवर्क निवडता आला तर सुरुवातीला बघा. आणि पाच नेटवर्कवर थोडं थोडं पसरू नका, नाहीतर पाचही ठिकाणी उंबरठ्याच्या आत अडकून राहाल.

दरम्यान एका वाचकाने विचारलं, ‘या लिंकचे तुम्हाला पैसे मिळतात का? मिळत असतील तर तसं लिहिलेलं दिसत नाही.’ लिहिलेलं होतं, पण पानाच्या अगदी तळाशी, फिकट अक्षरांत. याला डिस्क्लोजर म्हणतात. ते लिंकच्या जवळ, सहज दिसेल असं आणि साध्या शब्दांत हवं. अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणाऱ्या एफटीसी या सरकारी आयोगाची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. मी लेखाच्या सुरुवातीलाच लिहिलं: ‘या लेखातल्या काही लिंकवरून खरेदी केलीत तर मला कमिशन मिळतं.’ क्लिक कमी होतील अशी धास्ती होती. झाले नाहीत. ही पैसे मिळणारी लिंक आहे हे शोधयंत्राला कळावं म्हणून लिंकच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ ही खूणही लावली. गूगलने ती सप्टेंबर २०१९मध्ये आणली, त्याआधी ‘नोफॉलो’ लावत असत आणि ते आजही चालतं.

उरला ब्रँड बिडिंग. दुकानाच्याच नावावर शोधजाहिरात लावून, तिथेच जाणाऱ्या माणसाला मध्येच आपल्या लिंकवरून वळवायचं. म्हणून त्याला मनाई. त्याचा आणखी वाईट भाऊ कुकी स्टफिंग, म्हणजे माणसाने काही दाबलेलंच नसताना त्याच्या ब्राउझरमध्ये गुपचूप खूण टाकायची. ईबेने यावरून २००८मध्ये आपल्या बड्या अॅफिलिएटवर दावा लावला होता आणि प्रकरण पुढे फौजदारी खटल्यापर्यंत गेलं. एप्रिलमध्ये कूपनवाल्यांवर चडफडताना मला ही नावं माहीत नव्हती, ते बरंच.

सप्टेंबरात वही उघडली. सत्तावीसपैकी तेवीस शब्दांवर बरोबरची खूण झाली होती. उरलेल्या चारांची मला अजून गरज पडलेली नाही, म्हणून ते तसेच ठेवलेत.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका दुकानाचा मेल आला. ८ टक्के, कुकी ४५ दिवस, ईपीसी ६०. मी उत्तर लिहिलं: ‘हा ईपीसी शंभर क्लिकमागचा का? सात दिवसांचा की तीन महिन्यांचा? यात कूपन साइट धरल्यात का? लॉक किती दिवसांनी होतं? आणि रिव्हर्सलचं प्रमाण किती?’

दोन दिवसांनी उत्तर आलं. शंभरमागचा, सात दिवसांचा, सणाच्या सेलमधला, कूपन साइट धरून. तीन महिन्यांचा ईपीसी होता १९.